नववं पातं

या सदराखाली प्रत्येक अनुभवावर "पुरावा?" असा एकच शब्द टाकून जाणारी जी बाई आहे ना... ती मी. कोणाच्या मावशीला विहिरीवर हाक ऐकू आली, कोणाच्या गाडीच्या काचेवर आतून हात उमटला — मी सगळ्यांना एकाच काठीने झोडलंय. काहींनी मला ब्लॉक केलं, बरोबरच केलं. आज मी त्याच लोकांच्या रांगेत येऊन उभी आहे आणि मला त्याची लाज वाटते, हे आधीच सांगून टाकते.

वय सत्तावीस, राहायला अंधेरी पूर्व. घरात मी आणि माझा बाबा, दोघंच. बाबाला "अरे बाबा" म्हणायचं हा आमच्या घरचा नियम. समता घरापासून सुरू झाली पाहिजे असं त्याचं म्हणणं. आई होती तेव्हाही घरात देव्हारा नव्हता; त्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाकीची मुलं बडबडगीतं म्हणायची तेव्हा मी "कामगार बंधूंनो आणि भगिनींनो" अशी सुरुवात करून पाहुण्यांना हसवायचे. भुताखेतांच्या विरोधातली पत्रकं मी चौथीपासून वाटतेय. आता स्वतः लिहिते — मरोळच्या कंत्राटी कामगारांसाठी, सफाईवाल्या बायकांसाठी, जे लागेल ते.

पत्रकांच्या बाबतीत बाबाचा एक नियम होता. चूक ज्या टायपात छापली, दुरुस्ती त्याच टायपात छापायची. मथळ्यात चूक केलीस तर दुरुस्तीही मथळ्यात. कोपऱ्यात बारीक अक्षरात माफी मागणं हा पेपरवाल्यांचा धंदा, आपला नाही.

हा नियम लक्षात ठेवा.

बाबा जुहूच्या विमानतळावर एका खाजगी कंपनीच्या हँगरमध्ये मेकॅनिक होता. युनियनचा चिटणीसही. आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक फ्रेम आहे. त्यात पिवळं पडलेलं एक पत्रक. मथळा : "सावंत एकटा का होता?" मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य हेच. 'ग म भ न' नंतर.

गोष्ट अशी होती. माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी त्या कंपनीचं एक छोटं विमान उडता उडता बंद पडून धावपट्टीच्या पलीकडच्या चिखलात उतरलं. पायलटचा पाय मोडला. आत मेकॅनिक सावंत बसले होते, ते गेले. चौकशी झाली आणि ठपका सावंतांवरच आला — इंजिन चालू करण्याआधीचं काम त्यांनी नीट केलं नाही म्हणून. बाबाने रात्रभर जागून हे पत्रक लिहिलं. या कामाला दोन माणसं लागतात, तसा नियम आहे, मग त्या सकाळी सावंत एकटा का होता? माणसं कमी कोणी केली? चूक एकट्या माणसाची की मालकाची? त्या पत्रकावरून मोठा संप झाला. दोन माणसांचा नियम कडक पाळला जाऊ लागला आणि सावंतांच्या बायकोला कॅन्टीनमध्ये नोकरी मिळाली. आमच्या घरात एका पानाची ताकद काय असते हे सांगायचं असलं की बाबा त्या फ्रेमकडे बोट दाखवायचा.

आता ते विमान.

सेसना १९५. महायुद्ध संपल्यावर तिकडे हे घराणं तयार झालं — एकशे नव्वद आणि एकशे पंच्याण्णव, दोन सख्ख्या बहिणी, अंग सारखं, इंजिनं वेगळी. मेकॅनिक मंडळी तिला "ती"च म्हणतात. पंख वर, शेपटाखाली छोटं चाक, त्यामुळे उभी असली की नाक आभाळाकडे. नाक म्हणजे मोठा गोल डबा. त्यात सात सिलिंडर चक्राच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले. अशा इंजिनाला रेडियल म्हणतात.

या इंजिनाची एक खोड आहे. रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपत झिरपत सगळ्यात खालच्या सिलिंडरमध्ये साठतं. तसंच स्टार्टर मारला तर पिस्टन तेलावर आपटतो. तेल काही दबत नाही, मग आतला दांडा वाकतो. म्हणून सकाळी आधी नाकावरचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, हाताने ओढायचा. एकाने ओढायचं, दुसऱ्याने समोर उभं राहून मोठ्याने पाती मोजायची. त्यांच्या हँगरचा रिवाज चौदाचा — सात सिलिंडर, दुप्पट चौदा. मध्येच अडलं तर जोर करायचा नाही. मोजणारा म्हणतो "थांब", आणि ओढणाऱ्याने हात काढायचा. मग त्या खालच्या सिलिंडरचा प्लग पान्ह्याने उघडायचा, तेल बाहेर काढायचं, आणि पुढचा आकडा.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. फ्रेममधल्या पत्रकात आहे ना.

अपघातानंतर ती हँगरच्या मागे वर्षानुवर्षं पडून होती. मध्यंतरी अंधेरीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने प्रवेशद्वारापाशी शोभेला म्हणून ती घेतली आणि दुरुस्तीला मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात पाठवली. गाळा मनोज घागचा. मनोज माझ्या वर्गातला, पत्रे कापण्या-वाकवण्याचं काम करतो. त्याने बाबाला सल्ल्यासाठी बोलावलं आणि शेजारी लावायच्या पाटीचा मजकूर माझ्याकडे आला. मी ठरवून टाकलं होतं : पाटीवर सावंतांचं नाव येणार आणि माणसं कमी करणाऱ्या मालकाचं पाप येणार. उद्घाटनाला दहिसरहून सावंतकाकींना आणायचं.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या इंजिनात काहीही नव्हतं. चौकशीच्या वेळी पिस्टन आणि दांडे पुरावा म्हणून काढून नेले, ते परत आलेच नाहीत. मनोजने सातही सिलिंडर साफ करून, रंगवून, रिकामेच परत बसवले होते. मी स्वतः बघितलंय. आतून कोरडे खणखणीत डबे. पंखा फक्त मधल्या दांड्यावर फिरत होता, घरातल्या बंद पंख्यासारखा. बोट लावलं तरी फिरायचा.

शनिवारची दुपार. पोरं जेवायला गेलेली, मशीन बंद. वरून दर दोन-तीन मिनिटांनी मोठी विमानं उतरत होती, मरोळला त्याची सवय असते. बाबा महिनाभर खुर्चीत बसूनच सूचना देत होता. "तो स्क्रू उलटा बसलाय रे", "रंग जाड मारू नको". त्याने विमानाला एकदाही हात लावला नव्हता. मला ते तोपर्यंत लक्षातही आलं नव्हतं.

"बाबा, ओढून दाखव ना एकदा," मी मोबाइल काढत म्हटलं. "मी मोजते. रील टाकूया, झकास होईल."

"नको गं. खांदा दुखतोय."

"अरे काका, तिच्यात आहे काय?" मनोज म्हणाला. "माझी आजी फिरवेल करंगळीने."

"तुझ्या आजीला बोलाव मग."

"बाबा, भाव खाऊ नको यार. चौदा पाती तर आहेत."

तो उठला. चप्पल काढून बाजूला ठेवली — का, ते माहीत नाही — आणि पात्याला हात लावला. मी मोजायला लागले. एक. दोन. तीन. पाती सुळसुळत खाली येत होती. सात. आठ. नऊ.

अडलं.

हळू होत होत थांबलं असं नाही. भिंतीवर आदळावं तसं अडलं. बाबाच्या हातातून "खट्" असा आवाज मला समोर ऐकू आला.

"काय रे हे," मनोज पुढे झाला, "काहीतरी राहिलंय वाटतं मध्ये." बाबाने हात काढला. मनोजने तेच पातं एका बोटाने ढकललं. ते गेलं. गर्रकन दोन-तीन चकरा मारून आलं.

आम्ही हसलो. बाबा हसला नाही.

"परत ओढ," मी म्हटलं. आठ... नऊ. अडलं.

आता इथे माझं डोकं चालू झालं, कारण माझं आयुष्य याच्यावर गेलंय. पहिली शंका : बाबा स्वतःच नकळत हात आखडतोय. म्हातारं मन, जुनी आठवण, नवाचा आकडा ऐकला की स्नायू आवळतात. अंगात येणाऱ्या बायकांबद्दल मी हेच लिहिते. म्हणून मी मोजणं बंद केलं. त्याला गप्पांत गुंतवलं, निवडणुकीवर बोलायला लावलं (तो त्यात आपोआप गुंततो) आणि मनात मोजलं. नवव्याला अडलं. मग मी "पाच"पासून मोजायला सुरुवात केली. तेरा म्हटलं तेव्हा अडलं. म्हणजे नववंच. मनोजने एकट्याने ओढलं, वीसपर्यंत गेलो, काही नाही. मी ओढलं, काही नाही. बाबाने ओढलं... नऊ.

"काका मुद्दाम करतायत," मनोज म्हणाला, पण आवाज बारीक झाला होता.

"मग तू पण धर त्याच्याबरोबर. दोघं ओढा."

नवव्याला दोघांनी मिळून जोर लावला. मनोज अंगाने रेडा आहे, रोज पत्रे उचलतो. तो अक्षरशः पात्याला लोंबकळला. पातं केसभर हललं नाही. उलट आख्खं विमान पुढे सरकलं — चाकाखालच्या लाकडी ठोकळ्यांनी जमिनीवर करकर आवाज केला आणि शेपूट हललं. स्वतःचा हात आखडणारा म्हातारा जवळजवळ टनभराचं विमान हलवू शकत नाही. तिथे खरोखर काहीतरी अडत होतं. रिकाम्या डब्यात.

"बाबा, हात काढ," मी ओरडले. त्याने हात काढला, आणि मनोज पात्यासकट खाली आपटला. ते एकदम मोकळं झालं होतं.

मनोजने नळवाल्यांकडे असतो तो वायरीचा कॅमेरा आणला, खालच्या सिलिंडरच्या वरच्या प्लगच्या भोकातून आत सोडला. मोबाइलवर दिसलं : कोरडी भिंत, थोडी धूळ, बाकी पोकळी. "खालचा प्लग उघडतो," म्हणून त्याने पान्हा उचलला, तर बाबा किंचाळला. मी त्याला मोर्च्यात लाठी खाताना बघितलंय, तेव्हाही तो असा ओरडला नव्हता.

"प्लग नाही काढायचा!"

"अरे पण काका—"

"नाही म्हटलं ना!"

आणि तो तसाच, अनवाणी, गाळ्यातून बाहेर चालता झाला. मी चपला हातात घेऊन मागे धावले. मरोळ नाक्यापर्यंत तो अनवाणीच चालला.

घरी आल्यावर मी त्याच्यासमोर चहा ठेवला. तो फ्रेमकडे बघत होता.

"ती काढ खाली," म्हणाला.

"काय झालं बाबा?"

"सावंत एकटा नव्हता."

मला आधी कळलंच नाही. मग तो बोलला, सरळ, पत्रक वाचून दाखवावं तसं. त्या सकाळी ओढणारा तो होता. मोजणारे सावंत. नवव्याला अडलं. सावंत म्हणाले, "थांब, मी पान्हा आणतो," आणि आत गेले. बाबाची युनियनची गेट मीटिंग होती. पाळी बदलायला दहा मिनिटं, बगलेत पत्रकांचा गठ्ठा, गेटवर माणसं निघून जाणार. त्याने पंखा उलटा फिरवला.

इथे थोडं मेकॅनिकचं ज्ञान. उलटं फिरवलं की पंखा सुटतो, पण तेल जात नाही. ते मागे हवेच्या नळीत ढकललं जातं आणि इंजिन चालू झालं की परत आत ओढलं जातं. कुठल्याही हँगरमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, उलटं फिरवायचं नाही. बाबा दुसऱ्यांना शिकवायचा.

"मग सुलट चौदापर्यंत ओढलं. सावंत आला तर मी म्हटलं, तू गेलास आणि सुटलं बघ, सही कर. त्याने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, अरे माझ्यावर विश्वास नाही? आणि गेटवर पळालो."

त्यांच्यात पद्धत होती : ज्याची सही, तो पहिल्या फेरीला आत बसणार. आपल्या कामाची हमी आपल्या अंगाने. सावंतांनी सही केली आणि आत बसले.

"तू पत्रकात लिहिलंस तो एकटा होता."

"इंजिन चालू झालं तेव्हा एकटाच होता. मी गेटवर होतो ना."

मंडळी, त्या रात्री मला भुताचा धक्का बसला नव्हता. माझ्या आयुष्याचं पहिलं वाक्य खोटं निघालं होतं. मी त्याला खूप बोलले. जे मालकांना लिहिते तेच शब्द वापरले. तो म्हणाला, "वहिनींना नोकरी मिळाली त्या पत्रकामुळे. नियम पाळायला लागले." मी म्हटलं, "आणि चाळीस वर्षं लोक म्हणतात, सावंत बिचारा, एकटा होता म्हणून चुकला. चुकला तर तोच ना? दुरुस्ती कुठे छापलीस बाबा? कुठल्या टायपात?"

"उद्या वहिनींना गाळ्यात बोलाव," तो म्हणाला.

रविवारी सकाळी मनोज गाडी घेऊन दहिसरला गेला आणि सावंतकाकींना घेऊन आला. वय ऐंशीच्या आसपास, नदीजवळच्या चाळीत एकट्या राहतात, बोलणं अजून पक्कं मालवणी. त्यांना सांगितलं होतं फक्त "विमान बघायला चला". गाळ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, विमानाकडे बघितलं.

"हीच ती?" म्हणाल्या. "केवढीशी आसा. माका वाटलेला मोठी आसतली."

बाबा त्यांच्यासमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, गेट मीटिंगसुद्धा. वरून एक विमान गेलं तेव्हा थांबला आणि आवाज विरल्यावर पुढे बोलला. मनोजचं तोंड उघडं. काकींनी पदराची एक बाजू सरळ केली.

"माका ह्या म्हायत नाय होता, भावजी," त्या म्हणाल्या. मग : "अडला तेवा ते काय बोलले?"

"थांब म्हणाला."

"थांब म्हणाले?"

"हो वहिनी. 'थांब' म्हणाला आणि पान्हा आणायला गेला."

"म्हणजे तेंका कळलेला."

"कळलं होतं. तो बरोबर होता."

काकी उठल्या. मी धरायला गेले तर हात झटकला. विमानाच्या नाकासमोर, थोडं बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. तिथेच मी शनिवारी उभी होते. मोजणाऱ्याची जागा. ती त्यांना कोणी सांगितली नव्हती.

"ओढा," म्हणाल्या.

"वहिनी, नको—"

"ओढा म्हणतंय ना. मी मोजतंय."

बाबाने चप्पल काढली. काकी मोजायला लागल्या, अंगणातल्या कोंबड्या मोजाव्या तशा, शांतपणे. एक. दोन. तीन. मी मनात म्हणत होते, जाऊ दे, आज जाऊ दे, त्याने सगळं कबूल केलंय. सा. सात. आठ.

"नव."

खट्.

"थांब," काकी म्हणाल्या.

आवाज त्यांचाच होता, मी पक्कं सांगते, यात काही घालत नाही. पण बाबाचे डोळे असे झाले की मी अजून विसरू शकत नाही.

"हात काढा. आता प्लग उघडा. तेंनी सांगितलेला ना?"

मनोजने पान्हा दिला. बाबा इंजिनाखाली गुडघ्यावर बसला. पान्हा दोनदा निसटला. प्लगचे आटे सुटत आले तशी भोकाच्या कडेला एक चकाकी दिसली. मग प्लग निघाला आणि...

तेल आलं.

थेंब थेंब नाही. धार. मनोज "आयला" म्हणत मागे सरकला. मी समोरचा चहाचा स्टीलचा ग्लास खाली धरला, का धरला माहीत नाही, हाताला सवय असते काहीतरी सांडलं की धरायची. ग्लास निम्म्याच्या वर भरला. आणि मला ग्लास या हातातून त्या हातात घ्यावा लागला, कारण तो गरम होता. चहाइतका नाही, पण गरम. कालपर्यंत कॅमेऱ्यात कोरडा ठणठणीत दिसलेला डबा. पिस्टन नाही, तेलाची टाकी नाही, ती कधीच विकली गेलीय. आणि माझ्या हातात गरम तेल.

मी ओरडले असेन बहुतेक. मनोज म्हणतो मी "नाही, नाही, नाही" एवढंच म्हणत होते.

धार संपली. काकी जागच्या हलल्या नव्हत्या.

"प्लग बसवा," त्या म्हणाल्या. बसवला. "ओढा."

"धा," त्या म्हणाल्या. गेलं. "अकरा. बारा. तेरा." पातं लोण्यासारखं खाली आलं. "चौदा."

बाबा तिथेच सिमेंटवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. काकींनी त्याच्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही.

"माफ केलंय असा समजू नका, भावजी," म्हणाल्या. "पण काम पुरा झाला." आणि माझ्याकडे वळून, "बाय, तू पाटी लिवतंस ना? मगे 'थांब' म्हणाले तां लिव. बाकीचा तुमचा तुमी बघा."

आता माझ्यातली "पुरावा?"वाली बाई बोलते. शक्यता मी सगळ्या तपासल्या. मधल्या दांड्याला मनोजने ग्रीस लावलं होतं, तेल नाही. कोणी मुद्दाम ओतलं? गाळ्याची चावी एकट्या मनोजकडे, आणि ज्या माणसाला बाबाची गोष्ट रविवारपर्यंत माहीतच नव्हती तो शनिवारीच नववा आकडा कुठून आणणार? त्याच संध्याकाळी आम्ही त्याच सिलिंडरमध्ये पुन्हा कॅमेरा सोडला. आतली धूळ जशीच्या तशी होती. ओलीसुद्धा झाली नव्हती. तेल मी जॅमच्या बाटलीत भरून एका मैत्रिणीच्या लॅबमध्ये दिलं. तिचा फोन आला : "विमानाच्या इंजिनचं आहे, वापरातलं. का गं, कुठल्या चालू विमानातून काढलंस?" मी फोन ठेवला.

पाटीवरून कॉलेजशी भांडण झालं. त्यांना "वारसा", "भरारी" असलं काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, लावायची तर हीच, नाहीतर विमान पाटीशिवाय न्या. शेवटी लागली. तिच्यावर लिहिलंय : "नवव्या पात्याला हे इंजिन अडलं तेव्हा मोजणारे मेकॅनिक सावंत 'थांब' म्हणाले होते. ओढणाऱ्याने ऐकलं नाही." खाली ओढणाऱ्याचं पूर्ण नाव. ते घालायला बाबानेच सांगितलं. अक्षरांची उंची त्याने फ्रेम उघडून, फुटपट्टीने मथळा मोजून दिली. काकी आल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसून दोन वेळा वाचलं आणि "घरी सोडा" म्हणाल्या.

फ्रेम अजून रिकामी आहे. बाटली कोनाड्यात. तुमच्यापैकी कोणी खाली "पुरावा?" असं लिहिणारच, लिहा, मीही तेच लिहिलं असतं. स्पष्टीकरण मात्र माझ्याकडे नाही. भुतावर मी आजही विश्वास ठेवत नाही आणि त्या ग्लासाचा चटका अजून तळहाताला आहे. दोन्ही एकदम कसं खरं असेल, मला कळत नाही.

परवा कॉलेजवरून जाताना आम्ही फाटकापाशी थांबलो. ती उभी होती, नाक वर करून, शेजारी पाटी. मी म्हटलं, "बाबा, परत एकदा ओढून बघायचं?"

"नको."

"का रे, घाबरलास?"

"घाबरायचं काय त्यात," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "चौदा झालेत, गं. चौदा झाले की पुढे स्टार्टर असतो."

मी हसले. मग बघितलं, तो हसत नव्हता.